पाणी कुठे मुरते?

(लंडनच्या पाणीपट्टीचा चारशे वर्षांचा जमाखर्च)

व्यवहारात काही गफलत असल्याचा वास आला, की आपण मराठी माणसे चटकन म्हणतो, "कुठेतरी पाणी मुरतंय!" भिंतीला ओल दिसते, पोपडे सुटतात, पण पाणी नेमके कुठून शिरले ते दिसत नाही. म्हणूनच हा वाक्प्रचार पैशाच्या हिशेबाला इतका चपखल बसतो. या लेखात मात्र तो दोन्ही अर्थांनी घ्यायचा आहे. कारण विषय पाण्याचाच आहे, आणि हिशेबाचाही.

आपल्या परंपरेत पाणी विकणे हे फारसे मानाचे काम समजले गेले नाही. वाटेवर पाणपोई घालावी, विहीर बांधून गावाला मोकळी करावी, हा पुण्याचा मार्ग. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचे पाणी नळांनी पुण्यात आणले आणि हौद बांधले. त्या हौदांवर घागर भरणाऱ्याला कोणी पट्टी मागितली नाही. परंतु शहर लाखांच्या वस्तीचे झाले, पाणी कोसभर अंतरावरून आणून घरोघरी पोचवायचे ठरले, की पुण्याईच्या जोडीला भांडवल लागते. भांडवल आले की नफा आला, नफा आला की हिशेब आला. मग प्रश्न उभा राहतो, की या हिशेबाची वही कोणी लिहायची, आणि कोणी तपासायची?

हा प्रश्न जगात सर्वांत दीर्घ काळ आणि सर्वांत कडाक्याने लढवला गेला तो लंडन शहरात. शाळेत आपण लंडनचा इतिहास शिकतो तो राजे, पार्लमेंट आणि महायुद्धे यांचा. नळाच्या बिलाचा इतिहास कोणी शिकवत नाही. खरे तर सामान्य कुटुंबाचा राज्यकारभाराशी जो संबंध येतो, तो अशा बिलांतूनच येतो.

राजा भागीदार होतो

सतराव्या शतकाच्या आरंभी ह्यू मिडल्टन नावाच्या वेल्समधल्या एका सोनाराने हर्टफर्डशरमधील अॅमवेल आणि चॅडवेल या झऱ्यांचे पाणी लंडनला आणण्याचे काम अंगावर घेतले. सुमारे चाळीस मैलांचा कालवा जमिनीच्या उताराचा अंदाज घेत खणायचा, तोही वाटेतल्या जमीनदारांचा विरोध सोसून. निम्म्या वाटेवर पैसा संपला. तेव्हा १६१२ साली पहिला जेम्स राजा पुढे आला. निम्मा खर्च राजाचा, निम्मा नफा राजाचा, असा करार झाला. २९ सप्टेंबर १६१३ रोजी या 'न्यू रिव्हर'चे पाणी लंडनच्या वेशीवरील तलावात समारंभपूर्वक सोडण्यात आले.

नफा मात्र लवकर दिसेना. जेम्सच्या मागून गादीवर आलेल्या पहिल्या चार्ल्सने १६३१ साली आपला निम्मा हिस्सा वर्षाला ५०० पौंडांच्या कायम नेमणुकीच्या बदल्यात सोडून दिला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १६३३ साली, भागीदारांच्या हाती पहिला लाभांश पडला! पुढे या कंपनीचे भाग इतके वधारले, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका पूर्ण भागाला एक लाख पौंडांहून अधिक किंमत आली. राजघराण्याच्या वाट्याला आले ते ठरलेले ५०० पौंड.

या व्यवहारातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निम्म्या नफ्याचा धनी असूनही राजाला कंपनीच्या कारभारात स्थान नव्हते. त्याच्या पदरी नफ्यातला वाटा होता, पण फड त्याच्या हाती नव्हता. आपल्याकडे पेशवाईत फडणिसाचे महत्त्व का वाढले, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना याचे मर्म सांगायला नको. दौलत कोणाचीही असो, कीर्द ज्याच्या हाती असते त्यालाच दौलत कळते.

स्पर्धा आणि तह

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेस्ट मिडलसेक्स, ईस्ट लंडन, ग्रँड जंक्शन अशा नव्या कंपन्या निघाल्या. लाकडी नळ काढून लोखंडी नळ घालण्याचे दिवस होते. एकाच रस्त्यात दोन दोन कंपन्या खोदकाम करू लागल्या आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी दर पाडू लागल्या. लोकांना वाटले, बाजारात दोन दुकाने झाली की माल स्वस्त होणारच.

पण पाण्याचे दुकान हे इतर दुकानांसारखे नसते. नळ एकदा जमिनीत पुरला, की तो उचलून दुसऱ्या गल्लीत नेता येत नाही. त्यात घातलेला पैसा कायमचा गाडला जातो. दोन कंपन्यांनी एकाच गल्लीत पैसा गाडला, तर तो अखेर त्याच गल्लीतील लोकांकडून वसूल व्हायचा असतो. १८१७ च्या सुमारास थेम्सच्या उत्तरेकडील कंपन्यांनी आपापसात तह केला आणि शहर वाटून घेतले. ही पेठ तुझी, ती माझी. नागरिकांना कोणी विचारले नाही. कालपर्यंत दोन कंपन्यांत निवड करणारा माणूस आज एकाच कंपनीच्या दारात उभा राहिला, आणि मग दर चढले.

लोक चिडले. मेरिलबोन भागात जेम्स वील याच्या पुढाकाराने मक्तेदारीविरोधी चळवळ उभी राहिली आणि १८२१ साली पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. कंपन्यांनी आपल्या तोट्याचे रडगाणे गायिले. स्पर्धेच्या वर्षांत आम्ही बुडालो, ते आता भरून काढतो आहोत, असे त्यांचे म्हणणे. ते सर्वस्वी खोटे नव्हते. परंतु तोटा किती, खर्च किती, त्यांतला वाजवी किती, हे पारखण्याची कायमची यंत्रणाच नव्हती. प्रत्यक्षात ठोस कायदा व्हायला १८५२ साल उजाडले.

आणि ते साल उजाडले तेही पटकीच्या भीतीने. १८४९ च्या साथीत हजारो माणसे दगावली होती. १८५२ च्या कायद्याने कंपन्यांना फर्मावले, की टेडिंग्टनच्या खाली, म्हणजे भरती-ओहोटीच्या गढूळ टप्प्यातून, थेम्सचे पाणी उचलायचे नाही, आणि पाणी गाळूनच द्यायचे. यासाठी काही वर्षांची मुदत दिली होती. ती संपण्याआधीच १८५४ ची साथ आली.

दक्षिण लंडनमध्ये त्या वेळी साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ या दोन कंपन्यांचे नळ जुन्या स्पर्धेच्या खुणा म्हणून एकाच रस्त्यात शेजारी शेजारी होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ सालीच नदीच्या वरच्या अंगाला जाऊन स्वच्छ पाणी घेण्यास सुरुवात केली होती. डॉक्टर जॉन स्नो याने दारोदार फिरून कोणत्या घराला कोणाचे पाणी याचा तपास केला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर १०,००० घरांमागे ३७! एकच रस्ता, एकच हवा, फरक फक्त नळाचा.

या तपासात स्नोला एक अडचण आली. अनेक भाडेकरूंना आपल्या घरात कोणत्या कंपनीचे पाणी येते हेच सांगता येईना, कारण पट्टी घरमालक भरी आणि पावती त्याच्याकडे असे. शेवटी स्नोने पाण्यातील क्षाराची रासायनिक परीक्षा करून कंपनी ओळखण्याची युक्ती काढली. ज्याच्या जिवाशी गाठ होती, त्याच्या हाती साधी पावतीही नव्हती. हिशेबाची वही लोकांपासून किती दूर होती, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

दहा टक्क्यांचे कुंपण

१८४७ साली इंग्लंडमध्ये पाणीपुरवठा कंपन्यांसाठी नमुना-कलमांचा एक कायदा झाला. त्याचे तत्त्व असे : कंपनीने भागधारकांना वर्षाला शेकडा दहापेक्षा अधिक लाभांश देऊ नये. नफा त्यापलीकडे गेला तर ठरावीक मर्यादेपर्यंत तो राखीव निधीत टाकावा आणि पुढे दर कमी व्हावेत. कंपनीने वर्षाचा हिशेब सादर करावा. दोन ग्राहकांनी अर्ज केला, तर न्यायपीठाने हिशेबतपासनीस नेमून वह्या पाहाव्यात. कागदावर ही व्यवस्था उत्तमच होती.

पण या कुंपणाला एक दिंडी ठेवली होती. मागील वर्षांत दहा टक्के लाभांश देता आला नसेल, तर ती तूट पुढील वर्षांच्या नफ्यातून भरून काढण्याची मुभा होती. एखाद्या कंपनीने वीस वर्षे शेकडा चारच लाभांश दिला असेल, तर दर वर्षाची सहा टक्क्यांची तूट साचत साचत शेकडा एकशेवीसवर जाई. ही 'मागील बाकी' फिटेपर्यंत दर उतरवण्याचा प्रश्नच येत नसे. सावकाराच्या खतावणीत आजोबांच्या नावावरची बाकी नातवाने फेडावी, तसा हा प्रकार.

याच काळात लंडनच्या भांडवलातून आपल्याकडे आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी होती, आणि नफा कमी पडल्यास फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरला जाई. अशा हमीमुळे खर्चाला धरबंध राहिला नाही, ही टीका पुढे सर्वश्रुत झाली. लंडनच्या पाणीकंपन्यांना वरून झाकण होते, आपल्या रेल्वेला खालून आधार होता. तऱ्हा वेगवेगळ्या, पण धडा एकच. परतावा भांडवलावर ठरतो, तेव्हा भांडवलाचा आकडा कोण लिहितो याला सर्वाधिक महत्त्व येते. दुरुस्तीचा खर्च चालू खर्चात धरला, तर तो एकदाच वसूल होतो. तोच भांडवली म्हणून दाखवला, तर त्याच्यावर वर्षानुवर्षे परतावा मागता येतो. फुटलेला नळ एकच, पण वहीच्या कोणत्या पानावर तो मांडला यावर पट्टी ठरते.

१८७१ च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांवर सरकारी हिशेबतपासनीस आणि सरकारी पाणीपरीक्षक नेमले गेले. पाण्याचा गढूळपणा आणि वहीचा गढूळपणा, दोन्ही पाहायला एकेक माणूस आला, ही मोठीच प्रगती म्हटली पाहिजे. हिशेब ठरावीक नमुन्यात छापले जाऊ लागले, आणि जे आजवर कुजबुजीत होते ते आकड्यांत बोलता येऊ लागले.

एका वकिलाची चिकाटी

छापील हिशेबांतून लोकांना एक विलक्षण गोष्ट उमगली. कंपन्या दर न वाढवताही उत्पन्न वाढवीत होत्या! पाण्याची पट्टी घराच्या वार्षिक मूल्यावर शेकडा ठरावीक प्रमाणात आकारली जाई. मीटर नव्हते. १८६९ च्या कायद्यानुसार लंडनमधील घरांचे मूल्य दर पाच वर्षांनी नव्याने ठरू लागले. शहर वाढत होते, जागांच्या किमती चढत होत्या. मूल्यांकन वाढले की पट्टी आपोआप वाढे. कंपनीने एक थेंब जास्त दिलेला नसे, एक नळ नवा घातलेला नसे. कोणी दरवाढ जाहीरही करत नसे, कारण टक्केवारी तीच होती.

त्यात आणखी एक मेख होती. घराचे 'वार्षिक मूल्य' म्हणजे ढोबळ भाडे, की दुरुस्ती आणि विमा यांची वजावट करून उरणारी निव्वळ रक्कम? कंपन्या ढोबळ रकमेवर पट्टी लावत. समजा, घराचे ढोबळ मूल्य ६० पौंड आणि निव्वळ ५० पौंड आहे. शेकडा चार दराने एकात २ पौंड ८ शिलिंग होतात, दुसऱ्यात २ पौंड. फरक आठ शिलिंगांचा. एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

आर्चिबाल्ड डॉब्स नावाचा एक बॅरिस्टर चढला. ग्रँड जंक्शन कंपनीविरुद्धचा आपला दावा त्याने थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेला, आणि १८८३ च्या अखेरीस निकाल त्याच्या बाजूने लागला. वार्षिक मूल्य म्हणजे निव्वळ मूल्य! एका घराचे काही शिलिंग वाचले, पण लंडनमध्ये घरे लाखो होती. ठिकठिकाणी ग्राहकांच्या संरक्षण-संस्था उभ्या राहिल्या. १८८५ साली पार्लमेंटने खास कायदा करून 'वार्षिक मूल्य' या दोन शब्दांची व्याख्याच पक्की केली. १८८७ साली आणखी एक सुधारणा झाली. घरमालकाने पट्टी थकवली म्हणून भाडेकरूचे पाणी तोडायला बंधन आले.

शब्दाचा अर्थ लावण्यात लाखो रुपयांची उलाढाल असू शकते, हे आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांतील कुटुंबांना चांगले समजेल. एका भाषेतला कागद दुसऱ्या भाषेत वाचून घेताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर जमिनीचा तुकडा जातो, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. पण जमाखर्चाची भाषा ही आपल्या दोन्ही भाषांपलीकडची तिसरी भाषा आहे. ती घरात कोणी शिकवत नाही, आणि शाळेतही क्वचितच.

भविष्याची किंमत

१८८० साली गृहमंत्री रिचर्ड क्रॉस यांनी सर्व आठ कंपन्या विकत घेण्याचे विधेयक आणले. ई. जे. स्मिथ या मूल्यमापकाने कंपन्यांशी बोलणी करून जो आकडा काढला, तो सुमारे ३ कोटी ३० लाख पौंडांचा होता. शेअरबाजारात कंपन्यांचे भाव भराभर चढले, आणि लोकांनी कपाळाला हात लावला. कारण या किमतीत कंपन्यांचे पुढच्या वर्षांत वाढणारे उत्पन्नही धरले होते. म्हणजे भावी दरवाढ ही आजची मालमत्ता म्हणून विकली जात होती, आणि विकत घेणारे तेच होते ज्यांच्याकडून ती वसूल व्हायची! सरकार गडगडले, विधेयकही बुडाले.

मात्र थांबण्याचीही किंमत असते. १८९० नंतरच्या दुष्काळांत ईस्ट लंडन कंपनीच्या भागात वारंवार पाणीटंचाई झाली. १८९८ चा उन्हाळा तर कष्टकरी वस्त्यांनी तासाच्या हिशेबाने पाणी भरून काढला. लोकमत पेटले. १९०२ चा कायदा होऊन १९०४ साली ६६ सभासदांच्या महानगर जलमंडळाने आठही कंपन्यांचा ताबा घेतला. लवादाने ठरवलेली एकूण किंमत चार कोटी पौंडांच्या वर गेली. १८८० साली जो आकडा लोकांना लूट वाटला होता, त्याहून कितीतरी अधिक! तरीही वही अखेर लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या टेबलावर आली, आणि पुढली सत्तर वर्षे लंडनला पाण्याच्या नफ्याची भाषा ऐकावी लागली नाही.

जुने नाटक, नवा संच

१९७४ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये दहा प्रादेशिक जलप्राधिकरणे झाली. सरकारने त्यांच्या कर्जउभारणीवर बंधने घातली, नळ आणि गटारे जुनी होत गेली. १९८९ साली ही दहाही प्राधिकरणे भागबाजारात विकण्यात आली. विकण्यापूर्वी त्यांचे सुमारे ५०० कोटी पौंडांचे कर्ज सरकारने माफ केले. मक्तेदारीला लगाम म्हणून 'ऑफवॉट' हे नियामक कार्यालय स्थापन झाले, आणि इयान बायट हे त्याचे पहिले महासंचालक झाले.

या वेळी लगामाची रचना निराळी होती. प्राध्यापक स्टीफन लिटलचाइल्ड यांच्या विचारानुसार नफ्यावर मर्यादा न घालता दरावर मर्यादा घालायची. महागाईचा निर्देशांक अधिक एक ठरावीक आकडा, इतकीच वाढ करता येईल. हा आकडा काही वर्षांसाठी आधीच ठरवायचा. त्या मर्यादेत कंपनीने काटकसर केली, तर फायदा तिचा. खर्च फुगवण्याचा मोह राहणार नाही, ही अपेक्षा. हमी आणि टक्केवारीचे जुने दुखणे ओळखूनच हे औषध काढले होते, हे मान्य केले पाहिजे.

पण पाणी नवी वाट शोधतेच. दर आधी ठरवायचे तर पुढील वर्षांचा अंदाज हवा. अंदाज कोण देणार? कंपनीच. खर्चाचा अंदाज वर चढवून द्यावा आणि मग प्रत्यक्षात कमी खर्च करून 'काटकसरी'चे बक्षीस घ्यावे, ही शक्यता त्या रचनेतच दडलेली होती. सेव्हर्न ट्रेंट कंपनीच्या बाबतीत कंपनीतल्याच एका हिशेबखात्यातील माणसाने २००४ साली तोंड उघडले. चौकशीअंती २००६ साली ऑफवॉटने असा निष्कर्ष काढला, की बुडीत येण्याचे आकडे फुगवून दिल्यामुळे ग्राहकांवर ४ कोटी २० लाख पौंडांचा जादा भार पडला. ती रक्कम ग्राहकांना परत करण्याचे ठरले. पाठोपाठ गळतीच्या खोट्या आकड्यांबद्दल कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि २००८ साली ऑफवॉटने चुकीची माहिती व निकृष्ट सेवा यांसाठी ३ कोटी ५८ लाख पौंडांचा दंड ठोठावला. २०१९ साली सदर्न वॉटर कंपनीने सांडपाणी केंद्रांच्या तपासणीत फेरफार केल्याचे उघड झाले. तिला दंड आणि ग्राहकांना परतावा मिळून १२ कोटी ६० लाख पौंड मोजावे लागले.

थेम्स वॉटरची कथा आणखी बोलकी आहे. २००६ साली मॅक्वारी या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेच्या पुढाकाराखालील गटाने ती घेतली, आणि २०१७ साली मॅक्वारी बाहेर पडली. या काळात कंपनीचे कर्ज सुमारे तिपटीने वाढून १,००० कोटी पौंडांच्या पुढे गेले. लाभांशही दिले गेले. दरावर मर्यादा होती, पण भांडवलात कर्ज किती आणि स्वतःचा पैसा किती यावर फारसे बंधन नव्हते. पुढे व्याजाचे दर चढले, आणि कर्जाचा डोंगर अंगावर आला. २०२३ पासून कंपनी बुडते की काय, अशी चर्चा पार्लमेंटमध्ये होऊ लागली. डिसेंबर २०२४ मध्ये ऑफवॉटने पाच वर्षांसाठी महागाई सोडून सरासरी ३६ टक्के दरवाढ मंजूर केली आणि १०,४०० कोटी पौंडांच्या कामांना मान्यता दिली. थेम्सच्या वाट्याची वाढ ३५ टक्के होती, आणि कंपनीने मागितली होती ती याहून बरीच जास्त. मे २०२५ मध्ये त्याच थेम्सला १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड झाला. त्यातला १ कोटी ८२ लाखांचा भाग लायकी नसताना वाटलेल्या लाभांशापोटी होता. जुलै २०२५ मध्ये सर जॉन कन्लिफ यांच्या आयोगाचा अहवाल आला, आणि ऑफवॉट मोडीत काढून नवी यंत्रणा उभारण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला.

या ३६ टक्क्यांकडे पाहताना एकच बाजू घेणे सोपे आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते टाळावे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले नळ बदलायलाच हवेत. नद्यांत सांडपाणी सोडणे थांबवायलाच हवे. त्याला पैसा लागतो, आणि वर्षानुवर्षे दर दाबून ठेवले तर नळ सडतात, हे १९७४ ते १९८९ च्या सरकारी काळानेही दाखवले आहे. दरवाढ ही नेहमीच लूट नसते. प्रश्न असतो तो, ज्या कामासाठी पूर्वी पैसा घेतला ते काम झाले का, आणि नसेल तर तो पैसा कुठे मुरला? हे वही पाहिल्याशिवाय कळत नाही. मालकी राजाची असो, भागधारकांची असो वा सरकारची, वही बंद असेल तर फसगत ठरलेली.

आपल्या दारापर्यंत

हा विषय आता परका राहिलेला नाही. महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. शेती, उद्योग आणि शहरे यांना मिळणाऱ्या ठोक पाण्याचे दर या प्राधिकरणाने लोकांची मते अजमावून ठरवायचे असतात. कर्नाटकात जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथील काही वस्त्यांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली आणि मीटर बसले. म्हणजे घराच्या आकारावरची पट्टी जाऊन वापरावरचे बिल आले. भांडवल, कर्ज, परतावा, गळती हे शब्द लंडनहून निघून आपल्या गल्लीत येऊन पोचले आहेत.

लंडनच्या चारशे वर्षांत पाण्याची बाजू ज्यांनी ज्यांनी सावरली, ती माणसे पाहा. वील हा चळवळ्या, स्नो हा दारोदार फिरणारा डॉक्टर, डॉब्स हा काही शिलिंगांसाठी भांडणारा वकील, आणि हिशेबखात्यातला तो कर्मचारी. यांतले कोणी क्रांतिकारक नव्हते. त्यांनी केले ते इतकेच, की आकडा ऐकून मान डोलावली नाही. तो आला कुठून, हे विचारले. आपल्या मुलांना आपण व्याजाची गणिते घालतो, हौद किती वेळात भरेल आणि तळाशी भोक असेल तर किती वेळात रिकामा होईल, हेही विचारतो. त्याच गणिताच्या तासाला नळाचे एखादे खरे बिल, नगरपालिकेचे छापील अंदाजपत्रक फळ्यावर मांडायला काय हरकत आहे? तळाचे भोक शोधायची सवय तिथूनच लागेल.

मिडल्टनचा कालवा अजून वाहतो आहे. त्याचे शहरातले शेवटचे टोक बुजले, पण हर्टफर्डशरमधून निघालेले पाणी आजही त्याच वाटेने उत्तर लंडनमधील तलावांपर्यंत येते आणि थेम्स वॉटरच्या नळांत शिरते. चारशे वर्षांत त्या पाण्याचा धनी किती वेळा बदलला, याची नोंद वह्यांत आहे. त्या वह्या वाचणारी माणसे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने तयार करावी लागली.